बारा घरांपुढे 'नाही'

— मला वाटलं होतं, गावात पाऊल टाकलं की कानावर आयरिश पडेल. दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर, मेंढरांना हाका मारताना. आणि पडलं काय? बसमधून उतरले तर सख्खी मावशी, बारब्रे मावशी, हातातली बॅग घेत 'प्रवास कसा झाला' विचारते — इंग्रजीत! चौदा वर्षांनी आले होते हो मी. बसा ना, ही शाळेची भिंत कोरडी आहे. ते पेन मात्र आधी खिशात ठेवा. आणि फोन? बंद आहे? दाखवा — बरं, राहू द्या. तुम्ही यादीसाठी आलात ना, कचेरीतून? बुटांवरूनच ओळखलं. असे बूट घालून इथे कुणी चालत नाही. सांगते, यादीपर्यंत येते.

मी अकराची असताना वडील मासे वाढवायच्या कामावर नॉर्वेला गेले, बर्गनच्या बाजूला, आणि मला घेऊन गेले. आई इथेच राहिली — ते सोडा. तिथल्या शाळेत पहिल्याच दिवशी एका मुलीनं तिच्या खेड्याची बोली माझ्या अंगावर अशी सोडली, मला अक्षर कळेना, आणि तिला त्याचं काही नाही! ऐक, ऐकून शीक. तिथे तसंच. मंत्री रेडिओवर आपल्या गावचं बोलतो, डॉक्टर आपल्या गावचं, स्वीडनचा पाहुणा आला तरी हे आपलंच बोलणार, त्यानं समजून घ्यायचं. चारशे वर्षं डेन्मार्कचं राज्य, लिहायचं ते डॅनिश — पण तोंडातलं सोडलं नाही. पुढे खेडोपाडीच्या बोल्या गोळा करून त्यांनी लिहायची आणखी एक रीत बांधली. आता रीती दोन झाल्यात, त्यावरून भांडतात, मनसोक्त भांडतात! मला ते भांडण ऐकताना हेवा वाटायचा. आणि आपलं? घटनेत आयरिश पहिली, रस्त्याच्या पाटीवर आयरिश वर, आणि पाटीखाली उभा असलेला माणूस परका दिसला की इंग्रजी. दहा जण मजेत आयरिश बोलत बसलेत, अकरावा दार उघडून आला — कोण, कुठला, ठाऊक नाही — की दहाच्या दहा जण इंग्रजीवर. का? तर त्याला अवघडल्यासारखं होऊ नये! सभ्यपणा म्हणे. मला संताप यायचा. म्हणून तर यादीचं काम मी मागून घेतलं.

एकोणीस घरं. त्यातल्या दहा घरांत रोज आयरिश बोलतात असं निघालं तर ही शाळा आयरिश राहणार, नाहीतर बावीस मुलं पलीकडच्या इंग्रजी शाळेत — तुमचाच नियम. आणि रकाने काय छापलेत तुम्ही? 'हो' आणि 'नाही'. नॉर्वेजियनमध्ये 'हो' दोन आहेत, एक साधं आणि एक समोरच्याचं 'नाही' खोडून काढणारं. आयरिशमध्ये एकही नाही! 'बोलता का?' विचारलं तर 'बोलतो' म्हणायचं. छापणाऱ्याला एवढंही ठाऊक नसावं? असो. मी विचारलं, आणि एकोणीसच्या एकोणीस घरं म्हणाली 'बोलतो'. माझा विश्वास बसेना. पूर्वी साहेब यायचे, पोरांना आयरिशमध्ये चार प्रश्न विचारून, आयरिश बोलणारं घर म्हणून अनुदान लावून जायचे. तेव्हापासून कागदवाल्याला काय सांगायचं ते इथे पाळण्यातल्या पोरालाही कळतं. मग मी — हे लिहू नका — मी खिडक्यांखाली उभी राहिले. चोरून नाही, चोरून कशाला म्हणता? पडताळायला. दिवसाउजेडी, चहाच्या वेळेला, जळणाच्या ढिगाआड. बारा घरांत इंग्रजी. खणखणीत! 'लोणी इकडे दे', 'वारा फिरला वाटतं', सगळं इंग्रजीत. बारा वेळा 'नाही' लिहिलं. सहा घरांत आयरिश. आणि सातवं आमचं — तिथे 'हो' लिहिलं. न ऐकताच लिहिलं.

काल मावशीकडे पुन्हा गेले, त्या बारांतलंच एक तिचं घर, खात्री करायला. तिचा कुत्रा मागच्यासारखाच भुंकला, आणि या वेळी दारच उघडलं. 'साइव्ह, आत ये. आठवडाभर बघतेय मी तुझा तो नारिंगी कोट. समुद्रातल्या होडीवरूनसुद्धा दिसत असेल.' मी म्हटलं, मावशी, तुम्ही सगळे घरात इंग्रजी बोलता. तर म्हणते, 'कुत्रा भुंकला की बोलतो. खिडकीशी कुणी उभं असलं की बोलतो. माणूस परका असला तर त्याला नको का कळायला?' 'पण मी आहे हे दिसत होतं ना तुला?' 'दिसत होतं की,' म्हणाली. मग पाव कापता कापता थांबली. 'म्हणूनच, पोरी.'

ज्या सहा घरांत आयरिश ऐकली ना, त्यांतल्या एकाही घरी कुत्रा नाही. घरी येऊन मोजलं मी.

तुम्ही म्हणाल, मग खोड ते 'नाही' आणि लिही 'हो'. कसं लिहू? न ऐकलेलं? आणि मी उभी असेन तोवर ते ऐकू येणारच नाही! आमच्या घरात तरी कुठे — आई शेजारणीशी कुंपणापाशी बोलते ना, तेव्हा आयरिश असते, हसणंसुद्धा वेगळं असतं तिचं. मी बाहेर आले की — नाही, काही नाही. वाऱ्यानं पाणी येतंय डोळ्यांत.

आज सकाळी ठरवलं. माझी यादी चुलीत घातली आणि कोरी मावशीच्या हातात दिली. ती हिंडेल घरोघर. काय लिहील ते विचारलं नाही, विचारणारही नाही. शाळा गेली तर? जाईल, आणि माझ्यामुळे गेली म्हणतील. पण पडताळायला आता कुणी जाणार नाही, मी नाही आणि तुम्हीही नाही. यादी टपालानं येईल. ती बघा, मावशीच येतेय, वळणावर. उठा. तुम्ही वरच्या वाटेनं निघा. नाही, ओळखबिळख करून देत नाही. तुम्ही इथे असलात तर ती माझ्याशी इंग्रजीच बोलणार. — नसलात तर? मला काय माहीत! म्हणून तर म्हणतेय, जा. जा ना!