हिरवी फवारणी

आलिमा : नाही काका, पाय नका ठेवू! ओलं आहे अजून.

रंगराव : अवं पोरी, पाय कुठी ठेवून राह्यलो? वाकून पाहून राह्यलो. हे काय फासलं तुझ्या भावानं? अख्खं मैदान पिस्त्याच्या बर्फीवानी दिसून राह्यलं.

आलिमा : कागदाचा लगदा आहे. त्यात बी, खत अन् डिंक. टँकरमध्ये घोटायचं अन् पाइपानं उडवायचं. अकरमभाई हायवेच्या उतारांवर हेच काम करतो. नुसतं बी फेकलं असतं ना, तर एका जोराच्या पाण्यात सगळं नाल्यात गेलं असतं. लगदा त्याला धरून ठेवतो. ओलपण धरतो.

रंगराव : अन् हिरवा रंग काऊन?

आलिमा : कुठं उडवलं, कुठं राहिलं, ते दिसावं म्हणून. काही अपाय नाही त्याचा. उतरून जातो.

रंगराव : बी कशाचं हाय?

आलिमा : हराळीचं.

रंगराव : हराळी! विकत आणली? अवं, माझी सारी जिंदगी गेली वावरातली हराळी उपटण्यात. माझ्या बापाची गेली. मले म्हटलं असतं, तं ट्रॉली भरून फुकट देली असती!

आलिमा : तुमची हराळी इथं पुंजका, तिथं पुंजका. मला सगळीकडे सारखी पाहिजे, अन् लवकर पाहिजे. जिल्ह्याची शालेय स्पर्धा यंदा आपल्या अमडापुरात आहे. अन् शाळेच्या फुटबॉल टीमची गोलकीपर कोण, ते काय मी सांगू तुम्हाला?

रंगराव : मलेच सांगतं काय? माझी नात हाय डिंपल.

आलिमा : मागच्या वर्षी मुरमावर झेप घेतली अन् कोपर फाटलं तिचं. दुसऱ्या दिवशी रामभाऊ शाळेत आले. म्हणाले, मॅडम, खाली गवत असलं तर माझी पोरगी खेळेल, नाहीतर नाव काढा तिचं.

रंगराव : माझा राम वाईट नाही, पोरी. टाके पडले तिले अन् रडला हाच. पन शब्दाचा पक्का हाय. नाही म्हटलं तं नाही.

आलिमा : म्हणून तर हा खटाटोप. आता गवत धरेपर्यंत यावर माणूस नको, जनावर नको. चहूकडून दोरी बांधली आहे मी.

रंगराव : दोरी? अमडापुरात दोरीले कोन पुसते? साऱ्या आळीच्या बकऱ्या इथूनच नाल्यावर जातात. स्टँडची वाट इथूनच. तू घरी जाय. बंदोबस्त मी करतो.

सुभद्राबाई : कशाचा बंदोबस्त करता? अन् ही दोरी कोनं बांधली? मी छकुलीले कुठून नेऊ? गाभण बकरी ती, तिले काय साऱ्या गावाचा फेरा मारून पाण्यावर नेऊ?

रंगराव : मांगं सरक, मांगं! अवं डिंपलची आजी, बकरी आवर पहिले! औषध मारलं हाय त्याच्यावर!

सुभद्राबाई : औषध?

रंगराव : मंग हे हिरवंगार काय हाय? कपाशीवर मारतो त्याच्या दुप्पट जहाल! एक तोंड मारलं तं जागेवर आडवी होईन छकुली!

सुभद्राबाई : अगं माय!

रंगराव : पन कोनाले सांगू नको. लोक उगाच भेतात.

सुभद्राबाई : मी कशाले सांगू? मी काय कोनाले काही सांगत असते? चाल वं छकुली, चाल इकडून. अवो गुलाबरावच्या आई! थांबा, थांबा! तिकडून नका येऊ, औषध मारलं हाय!

आलिमा : काका! हे काय सांगितलं तुम्ही?

रंगराव : दोरी बांधली पोरी. पक्की.

(अडीच महिन्यांनंतर, सामन्याच्या दिवशी सकाळी. मैदान हिरवंगार. कडेला गर्दी.)

आलिमा : पाहा काका, पाहा तुमची पक्की दोरी! सगळ्या मुली दोरीच्या बाहेर उभ्या आहेत. एकही आईबाप आत सोडायला तयार नाही. धामणगाव बढ्याची टीम आली, तर त्यांनाही कोणीतरी स्टँडवरच सांगितलं. बूट काढून गाडीत बसल्यात त्या!

रंगराव : अवं, म्या काल घरोघर जाऊन सांगतलं. बाप्पाहो, थाप होती, औषध-बिवषध काही नव्हतं.

आलिमा : मग?

रंगराव : मंग काय! थाप मारली ते एका दिवसात साऱ्या गावाले पटली. खरं बोललो तं कोनाले पटत नाही. म्हनतात, रंगराव, नातीच्या म्याचसाठी काहीही बोलतं तू. शेजारच्या दीपकनं तं मले बसवून चहा पाजला अन् म्हने, दादा, तब्येत सांभाळा.

आलिमा : चूक माझीपण आहे. बकऱ्या थांबल्या म्हणून मीही गप्प बसले. मी जाऊ का मधोमध? लोळून दाखवू?

रंगराव : म्या सकाळीच लोळलो. मूठभर हराळी तोंडात घालून चावली. लोक पोट धरून हासले. म्हने, तुमचं काय घेऊन बसले, तुम्ही जन्मभर तंबाखू पचवली.

आलिमा : अन् रामभाऊ?

रंगराव : तो काय, डिंपलचा हात धरून उभा हाय. मले म्हने, बाबा, तुम्हीच म्हटलं औषध हाय, आता तुम्हीच म्हनता नाही. माझी एकुलती एक पोरगी. कोनतं खरं धरू? सांग, काय चुकलं त्याचं? पोरगी काल जेवली नाही. मले आबा म्हणून हाक मारली नाही तिनं. लय जीव तुटते वं पोरी माझा. तिच्यासाठीच केलं, अन् तिलेच नडलं.

आलिमा : पंच घड्याळ पाहून राहिले. टीम उतरली नाही तर खेळायच्या आधीच हरलो आपण. अरे... काका, काकू कुठे निघाल्या? दोरीखालून आत गेल्या! अन् छकुली सोबत!

रंगराव : अवं! अवं डिंपलची आजी! कुठी नेतं तिले?

सुभद्राबाई : मधात. साऱ्याइले दिसन तिथं. खाय वं माय, खाय. अशी कवळी हराळी साऱ्या शिवारात नाही.

रंगराव : अवं, दिवस भरत आले तिचे!

सुभद्राबाई : म्हणूनच तं आणली. मी छकुलीले किती जपते, हे साऱ्या गावाले माहीत हाय. मी सोता खाल्ली असती, तं कोनी मानलं असतं काय?

आलिमा : काका, सगळे दोरीला येऊन खेटले.

रंगराव : पाहून राह्यले, कवा आडवी होते ते.

सुभद्राबाई : पाहू द्या! पाह्यजा रे साऱ्याइनं नीट! मी इथंच फतकल मारून बसली. पोट भरेपर्यंत हालत नाही.

रंगराव : तुले भेव नाही वाटत? म्या तुलेही तं औषधच सांगतलं होतं.

सुभद्राबाई : तुम्ही खोटं बोलता तवा आवाज चढते तुमचा. त्या दिवशी तं इतके वरडले, का मले तवाच समजलं.

रंगराव : तवाच समजलं? अन् मंग गावभर काऊन सांगतलं?

सुभद्राबाई : तुम्हीच म्हटलं ना, कोनाले सांगू नको? मले असं कवा म्हनता तुम्ही? साऱ्याइले सांगायचं असते तवाच.

आलिमा : काकू, तुम्ही धन्य आहात! पण छकुलीला आवरा, गोलपर्यंत पोचली ती!

सुभद्राबाई : खाऊ दे वं दोन घास. पाह्य, उड्या मारून राह्यली. औषध खाल्लेलं जनावर असं करते काय?

आलिमा : काका... रामभाऊ. रामभाऊ आत आले. चप्पल काढली त्यांनी. वाकून हात फिरवून राहिले गवतावर.

रंगराव : बोलू नको काही. पाहू दे त्याले.

आलिमा : मागं वळले. डिंपलला काहीतरी सांगून राहिले... काका, हात सोडला तिचा!

रंगराव : मंग उभी काऊन तू? जाय ना! बोलाव तुझ्या टीमले!

आलिमा : चला गं सगळ्या! बूट घाला पटकन! अन् कोणीतरी धामणगावच्या मुलींना गाडीतून उतरवा! काकू, बकरी!

सुभद्राबाई : नेते वं, नेते. चाल माय. आता इथं लेकराइले खेळू दे.

रंगराव : बस इथं, माझ्याजवळ. थोडी सरक, मले गोल दिसत नाही.

सुभद्राबाई : गोल पाहता का नात पाहता?

रंगराव : एकच ते. मघा जातानी हाक मारली तिनं मले. आबा, पाह्यजा म्हने.

सुभद्राबाई : मंग पाहा ना! ते पाहा, आली ती धामणगावची लंबी पोरगी... मारला! मारली उडी डिंपलनं!

रंगराव : लागलं काय वं? लागलं काय तिले?

सुभद्राबाई : उठली. कपडे झटकून राह्यली. हासते पाहा कशी.

रंगराव : पन बॉल तं आत गेला. गोल झाला आपल्यावर.

सुभद्राबाई : झाला तं होऊ द्या.

रंगराव : अन् राम कुठी दिसत नाही? रागावून घरी तं नाही गेला?

सुभद्राबाई : अवो, तो काय जाळीच्या मांगं. तिले बॉल आणून देऊन राह्यला.