समोरची फांदी

हॅलो? …हो, बोल ठमे. …हळू बोलतेय, बाहेर आहे म्हणून. ओढ्याकाठी. …अगं, आज शाळा अर्धीच होती, परीक्षा आहे ना मुलांची.

…दिलास? खरंच दिलास राजीनामा? …हातात नेऊन? …आणि टकल्या काय म्हणाला?

…"थोरल्या बहिणीचं वारं लागलं"? …म्हणू दे. मी तीच नोकरी सोडून आले तेव्हा मला म्हणाला होता, औषधं तपासणारी बाई झाडाखाली किती टिकणार. …हो, टिकले की. शाळेतली मुलं आणि तुमचा रविवारचा फोटोंचा वर्ग, दोन्ही धरून टिकले.

…आईला सांगितलंस? …मग? …"एकीनं विहीर दाखवली, दुसरीनं उडी मारली"? …बोलते खरी ती. …नाही, मी नाही फोन करणार तिला. दोघींना एकदम झापेल.

ठमे, ऐक ना. मला तुला एक विचारायचं होतं… …बरं. आधी तुझं सांग.

…मासिकाच्या कव्हरवर? तुझा घरट्याचा फोटो? …संपादकांनी स्वतः फोन केला? …हो गं, खूश आहे. आवाज असाच आहे माझा. …छापायचा मोठा फोटो कधी द्यायचाय? …आज संध्याकाळपर्यंत. …हं.

…हो, शेपटीचा बाक सुंदरच आलाय. एवढासा पक्षी आणि एवढी लांब पांढरी शेपटी, स्वर्गीय नर्तक म्हणतात ते उगीच नाही. …तिन्ही पिल्लांच्या चोची उघड्या, हो. …काय म्हणाले? …"एकही पान आडवं नाही."

…काही नाही. ऐकतेय. बोल तू.

…लॅपटॉप दिलास, किल्ल्या दिल्यास… …आणि कार्डाची पट्टी? …गळ्यातली निळी पट्टी हरवली म्हणून ऑफिसातल्या बाई अडून बसल्या? …एवढ्याशा पट्टीसाठी? …हो, हसण्यासारखंच आहे.

…ठमे. पट्टी सापडलीय.

…माझ्या हातात आहे. …नाही, गाडीत नव्हती. …इथंच. घरट्यापाशी. समोरची फांदी मागे ओढून खोडाला बांधली होती त्या पट्टीनं. गाठ पक्की होती. सोडवायला वेळ लागला.

…ठमे? …आहेस ना?

…माहीत आहे. तोडली नाहीस. मी आल्याआल्या तेच बघितलं. तोडली नाही, बांधली. …हो, दोन मिनिटांसाठी. मग सोडायची राहिली कशी?

…रविवारी? रविवारी कशाला टकल्याचा फोन? …कसला तक्ता? …आणि तू बोलत बोलत गाडीपर्यंत गेलीस. …आणि तशीच घरी. …हो. कळलं. …ओरडत नाहीये गं मी.

…फोटोवरूनच शंका आली. हे घरटं बांधत होते ना ते दोघं, तेव्हापासून मी बघतेय. तू उभी होतीस तिथून नुसती पानं दिसतात. नर दिसतो तो शेपटीपुरता. मला वाटलं, तुला दुसरी जागा सापडली असेल. तशी जागाच नाही. …हो, चारही बाजूंनी फिरून बघितलं.

…सावली त्याच फांदीची होती, ठमे. दुपारी ऊन सरळ घरट्यात येतं. पिसं कुठं फुटलीत अजून त्यांना!

…दोन गेली.

…तिसऱ्याची मान हलतेय. मघाशी हलली. …फांदी सोडली मी, सावली आलीय परत. आता लांब येऊन बसलेय, लेन्समधून बघतेय. …छे, फोटो कसले काढतेय! बटणाला हातसुद्धा लावला नाही.

…नाही, तू येऊ नकोस. …अजिबात नको. माणसं जितकी कमी तितकं बरं. …पाणी नाही पाजायचं, श्वासात जातं. …डॉक्टर काय करणार याला? त्याच्या आईबापांनीच यायला हवं. …नर आला होता मघाशी. घरट्याभोवती फिरला आणि गेला. फांदी पुन्हा जागेवर दिसली, बिचकला असेल.

…मागे घेऊ म्हणजे? राजीनामा? …ते मला नको विचारूस. …तसं म्हटलं नाही मी. तू टकल्यासमोर परत जाऊन बसलीस म्हणून हे पिल्लू काही चोच उघडणार नाही. …आणि नाही बसलीस तरी नाही.

…वर्गात पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं? …हो. पान आडवं आलं तर आपण सरकायचं, पानानं नाही. …पाठ आहे तुला, माहीत आहे.

…रड. पण फोन जरा लांब धर, आवाज बाहेर येतोय इथं.

…कुणाचा? …संपादकांचा? आत्ता, दुसऱ्या लाइनवर? …मी काय सांगू तुला? …विचारलं तर खरं सांगशील ना? …आणि नाही विचारलं तर?

…ठमे, मी विचारतेय. नाही विचारलं तर?

…थांब. थांब थांब, काही बोलू नकोस. मादी आलीय.

…काठावर बसली. चोचीत चतुर किडा आहे, पंख दिसताहेत त्याचे. …हाक देतेय. …अजून नाही. …उचलली. मान उचलली त्यानं. …चोच नाही उघडत. …वाकलीय ती. चतुर चोचीला लावून बघतेय. …परत लावला.

…तिनंच गिळला. …गेली.

…वाईट आहे म्हणून नाही गं. त्या उघड्या चोचीतच घास घालतात. मिटलेल्या चोचीचं काय करायचं, ते ठाऊक नसतं त्यांना. …हो. …हो, राणी.

…अजून वाजतोय? …मग घे. …मी नाही सांगणार काय बोलायचं. तू बोल, आणि काय बोललीस ते मला नंतर सांग. …मी इथंच आहे. उजेड आहे तोवर.

…हो, परत आली. …आणलंय. पुन्हा काहीतरी आणलंय तिनं.

…नाही, ठमे. नुसती उभी आहे काठावर. घास तसाच धरून. …तू तो फोन घे. ठेवते मी.