तिसरी उशी

नाही गं, ती सिस्टरना बोलवायची बेल राहू दे उशाशी, तिच्याकडे टक लावून बघू नकोस म्हणजे झालं – पहिल्या दिवशी सगळेच बघतात. तुला अगं-तुगं करते, चालेल ना? वीस वर्षांनी तरी लहान असशील माझ्याहून. आणि बाटलीतल्या त्या थेंबांकडेही बघू नकोस, मोजायला लागलीस की वेळ जाता जात नाही. मी मोजते, पण माझी गोष्ट वेगळी – पडदे शिवते मी, चाळीस वर्षं झाली, चुण्या मोजून मोजून डोळ्यांना खोडच लागलीय. तो समोरचा पडदा बघ. डावीकडे नऊ चुण्या, उजवीकडे आठ. दीड वर्ष दर तीन आठवड्यांनी या खुर्चीत येऊन बसते आणि दर वेळी वाटतं, उठावं, उसवावा आणि नीट करून द्यावा. हाताला सुई टोचलेली असते म्हणून वाचलाय तो.

घाबरलीस? घाबरणारच. पण हे केमो नाही, बरं का. केमो झालं ना तुझं? मग आगीतून तर बाहेर आलीस. हे प्रतिपिंड की काय म्हणतात ते – डॉक्टरांनी मला कागदावर चित्र काढून दाखवलं होतं. गाठीच्या पेशीवर एक खूण असते, हे औषध रक्तातून फिरत फिरत तेवढीच खूण हुडकतं आणि तिथेच जाऊन चिकटतं, बाकीच्यांच्या वाटेला सहसा जात नाही. सहसा, म्हणाले. तो शब्द मी तेव्हा कानाआडच केला. माझा कॅन्सर तर हाडापर्यंत पोचलेला – बरा होणार नाही, पण धरून ठेवता येईल, असं पहिल्याच दिवशी तोंडावर सांगितलं त्यांनी. धरून ठेवलाय की. दीड वर्ष. हे केस बघ, ओढून बघ हवं तर, माझेच आहेत.

एक सांगू? मघाशी सिस्टर फळीला कागद लावून आल्या होत्या ना, प्रश्न विचारायला – दम लागतो का, पाय सुजतात का, खोकला, ताप, जुलाब, अंगावर पुरळ – आणि तू आपली एकेकाला दोन-दोन मिनिटं उत्तर देत बसलीस. गुडघा दुखतो, तेही सांगितलंस. गुडघा विचारला होता का कुणी? असं नाही करायचं. नाही, नाही, नाही, नाही – संपलं. मी तर त्या तोंड उघडायच्या आधीच मान हलवते. झाकली मूठ सव्वा लाखाची. का म्हणून काय विचारतेस? औषध थांबवतात गं. तू बसलीयेस ना, त्याच खुर्चीत एक मास्तर बसायचे. भूगोलाचे. रिटायर झालेले, पण खोड जात नाही – दर खेपेला मला एक नदी सांगायचे, कुठून निघते, कुठे वळते, कुठे जाऊन मिळते. पुढच्या खेपेला विचारायचेसुद्धा. त्यांचं औषध निराळं, पण याच कुळातलं. आणि एक दिवस काय झालं त्यांना कोण जाणे, सिस्टरला सगळं सांगून बसले – खोकला आहे, जिना चढवत नाही. झालं. औषध बंद, फुप्फुसाचा फोटो, वरच्या मजल्यावर भरती. नऊ दिवस. त्यानंतर ही खुर्ची बरेच दिवस रिकामी होती. म्हणून सांगते, तोंडाला कुलूप.

घसा खाकरतेस का गं सारखी? इथली हवाच कोरडी आहे, गार करून ठेवतात अगदी. पाणी पी.

मला थांबवून चालणार नाही. माझ्या घरी ताई आहे. माझी थोरली बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आम्ही दोघीच – तिने लग्न केलं नाही, मी करून परत आले. खाली दुकान, वर दोन खोल्या, मध्ये अठरा पायऱ्या. कापड बेतायला ताईसारखा हात नव्हता कुणाचा, टेप न लावता सांगायची, एवढ्या खिडकीला एवढं कापड. आता विसरते. गॅस पेटवते आणि विसरते. चप्पल घालते, दारापर्यंत जाते आणि कुठे निघाले होते म्हणून मलाच विचारते. मला मात्र नाही विसरली अजून. आता तूच सांग – मी आधी गेले तर तिला सांगायचं कुणी? आणि एकदा सांगून भागणार आहे का? रोज सकाळी उठून विचारेल, धाकटी कुठे गेली, आणि रोज कुणीतरी तिला नव्याने सांगायचं की गेली. रोज नव्याने रडेल ती. म्हणून मला वाटतं, तिने आधी जावं. हो, तिनेच. सख्ख्या बहिणीबद्दल बोलतेय मी हे. तोंडातून निघायला नको होतं, निघालं. पण खरं तेच आहे, तिच्यानंतर एक दिवस जरी मिळाला तरी मला पुरे.

वाजले किती? तुझं घड्याळ नीट चालतं ना? माझी बाटली आज सावकाश चाललीय असं वाटतं. नाही, सावकाश नाही, मीच – हे पाय असे लोंबकळत ठेवले ना, की जड होतात. बुटाची नाडी सैल केली तर बरं वाटतं. हे बूट नवीन आहेत. एक नंबर मोठे घेतले. म्हातारपणी पाय वाढतात म्हणे – हसतेस काय? बरं, नाही वाढत. सकाळी उठल्याबरोबर टेप लावते मी घोट्याला. पूर्वी साडेआठ इंच भरायचा, आज सव्वादहा. वजनही वाढलंय. इथे दर वेळी वजन करतात, वजनावर औषध मोजतात ना, तर काटा वर गेला की सिस्टर म्हणतात, वा, आजी, जेवण जातंय वाटतं. मी म्हणते, हो, जातंय. जेवण कुठलं जातंय. पाणी आहे ते. मला कळत नाही असं समजू नकोस. हे औषध एखाद्याच्या हृदयाला त्रास देतं, म्हणून दर तीन महिन्यांनी इको काढायचा असतो – जेली लावून छातीवर ते यंत्र फिरवतात, दुखत नाही काही. माझी तारीख मागच्या महिन्यात होती. मी फोन केला, ताईला ताप आहे म्हणाले. ताईला ठणठणीत ठेवलंय देवाने, डोकं सोडून. आजचं औषध कसंबसं मिळालं, पुढच्या खेपेला रिपोर्ट नसेल तर बाटली लावणारच नाही म्हणाल्यात मोठ्या सिस्टर. बघू, काहीतरी सांगेन. आडवं पडलं की दम कोंडतो, एवढंच. दोन उशा घेतल्या की – तीन. तीन घेते. वाचायला बरं पडतं. नाही, वाचत नाही मी, चष्माच नाही माझ्याकडे वाचायचा.

तिसरी उशी ताईची आहे. आमच्याकडे तीनच आहेत. रोज झोपताना ती विचारते, माझी उशी कुठे गं? मी सांगते, धुवायला टाकलीय. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारते, मी पुन्हा तेच सांगते. तिला आठवत नाही ना. शालीची घडी करून डोक्याखाली घेते बिचारी. तिच्या विसरण्यावर मी उशी लाटलीय, दुसरं काय.

पुन्हा खाकरलीस. थांब, माझ्याकडे गोळ्या आहेत, या डबीत, मधाच्या आहेत, जिभेखाली ठेव म्हणजे खोकला वर येत नाही. सिस्टर त्या टोकाला आहेत, त्या इकडे वळेपर्यंत ठेव. मास्तरांनाही मीच द्यायचे – हं, घे, हात कर पुढे.

हात का असा लाल झालाय तुझा? आणि गळा? पदर बाजूला घे. अगं, चट्टे उठलेत सगळीकडे. खाजतंय? कधीपासून? पाणी प्यायच्या आधीपासून? आणि बोलली का नाहीस? घसा आवळतोय – मान नको हलवूस नुसती, आवळतोय का? आवळतोय. आणि मी आपली घड्याळ विचारतेय तुला. नको, ती गोळी नको, दे इकडे, टाक ती. बेल कुठाय? तुझ्याच उशाशी होती ना? हात पोचत नाही माझा, थांब, उठते – हा स्टँड एक, चाकं अडकतात त्याची – सिस्टर, इकडे या. मोठ्या सिस्टर. आधी हिची नळी बंद करा, घसा आवळतोय तिचा. पाऊण तास झाला सुरू करून. नाही, ती नाही बोलली, मीच बोलू नकोस म्हटलं होतं. मी, हो. नंतर ओरडा मला, आधी तिच्याकडे बघा.

मी इथेच आहे गं. त्या करतात ते करू दे. तो मास्क असू दे तोंडावर, ओढू नकोस. मला कोपऱ्यात जरा टेकू दे, उभं राहवत नाही.

मास्तरांचं मी तुला अर्धंच सांगितलं. खोकला त्यांना सात आठवडे होता. सात. या डबीतल्या गोळ्या देऊन देऊन मी तो दाबत होते, सिस्टर येताना दिसल्या की मी डबी पुढे करायची, आणि मास्तर गोळी तोंडात धरून नाही, नाही, नाही म्हणायचे. आमचं ठरलंच होतं तसं, शाळेत पोरं ठरवतात ना एकमेकांत, तसं. त्यांनी सांगितलं तेव्हा वरच्या डॉक्टरांनी एकच विचारलं – कधीपासून? औषध थांबवल्यामुळे गेले असं मी सगळ्यांना सांगत आले. स्वतःलाही तेच सांगितलं. दुखणं अंगावर काढलं त्यांनी, आणि काढायला लावलं मी. शेवटची नदी सांगायची राहिली त्यांची.

काय म्हणाल्या, ऐकलंस का? पुष्कळांना होतं असं पहिल्या वेळी. ते इंजेक्शन दिलंय, चट्टे उतरतील, तासभर थांबायचं, डॉक्टर येऊन बघतील आणि मग पुन्हा सुरू करतील, निम्म्या वेगाने. म्हणजे बंद नाही गं. हळू. मला वाटलं होतं – जाऊ दे मला काय वाटलं होतं ते. रंग आला बघ तुझ्या तोंडावर. आता तो मास्क काढून काही विचारू नकोस.

मला काय झालंय सिस्टर? काही नाही. दोन पावलं चालले म्हणून धाप लागलीय. बसल्यावर थांबेल. थांबत नाहीये, हो, दिसतंय मलाही. बोलताना वाक्य तुटतंय ते मलाही ऐकू येतंय. पुन्हा विचारायचंय? सगळं पहिल्यापासून? ती फळी आणा मग, आणि नीट लिहा, मी पुन्हा सांगणार नाही.

आधी एक सांगा. हृदयाच्या गोळ्या देऊन, सूज उतरवून पुन्हा सुरू करतात ना? करतात का? खात्री नाही देता येत. बरं. पुष्कळदा करतात. पुष्कळदा. हा शब्द मात्र मी ऐकला.

लिहा. ताप नाही. खोकला नाही. जुलाब नाहीत. दम लागतो – दीड महिना झाला, अठरा पायऱ्यांत दोनदा बसते. घोटा सव्वादहा, होता साडेआठ. इको मी चुकवला, ताई ठणठणीत आहे. घरी ती एकटीच आहे, मला वर ठेवून घेणार असाल तर आधी आमच्या दुकानाशेजारच्या चहावाल्या बाईंना फोन करा, गॅस बंद करून यायला सांगा. आणि उशा. तीन. तिसरी माझी नाही, ती परत द्यायचीय, तेही लिहा हवं तर.

माझी नळी बंद करताय? करा.

तू पड गं. डोळे मीट. इकडे बघू नकोस.