दादांचा शेवटचा बंदोबस्त

दादा म्हणजे माझे वडील, रिटायर फौजदार. मंत्री आला की घरचं लग्न सोडून बंदोबस्ताला पळायचे, तुम्हाला ठाऊकच हाय.

ते गेले त्या दिवशी शववाहिका मुकुंदवाडीच्या चौकात आली, तर एका तरुण पोलिसानं हात आडवा केला. "थांबा. मंत्र्यांचा ताफा येतोय."

मी खाली उतरलो. "अहो, आत तुमच्याच खात्यातले फौजदार हायेत. जाऊ द्या ना."

त्यानं काचेतून दादांना हात जोडले. मला वाटलं, सोडतोय.

"मग साहेबांना माहीत असंल," तो म्हणला, "सोडता येत नाय."

लई ऊन होतं. आई आत बसून दादांच्या तोंडावर पदरानं वारा घालत राहिली.

शेवटी त्याच्या वायरलेसवर निरोप आला. ताफा दुसऱ्याच रस्त्यानं गेला होता.