चार फूट वजा

जमलेल्या सगळ्यांना जय भीम. प्रतिभावहिनी, तुमच्यासमोर उभं राहायची माझी हिंमत नव्हती. पण मिलिंददादा अमरावतीच्या ऑफिसात नऊ वर्षं माझ्या हाताखाली होते, तेव्हा बोलायचं मलाच आहे.

दादा काय काम करायचे, हे इथे अकोल्यात बऱ्याच जणांना ठाऊक नसेल. कम्प्युटरवर असतो, एवढंच. सांगते. आपल्या खारपाणपट्ट्यात उन्हाळ्यात कोणत्या गावाला गोड्या पाण्याचा टँकर लागेल, ते आमचं सॉफ्टवेअर आधी सांगतं. त्यासाठी विहिरींची पाणीपातळी एकीकडून येते, पाऊस दुसरीकडून, पाण्याचा खारेपणा तिसरीकडून. कुणी फुटात लिहितं, कुणी मीटरमध्ये, जुन्या वह्यांत तर परसात, म्हणजे माणसाच्या उंचीत. एकाचं दुसऱ्याशी पटत नाही. ते सगळं जुळवून एका जागी नांदवायचं, हे दादांचं काम. ते म्हणायचे, ही सोयरीक आहे मॅडम, दोन्ही घरची रीत माहीत पाहिजे.

ती रीत फक्त त्यांना माहीत होती. म्हणून दादा अडकले.

त्यांनी घराजवळ, अकोल्याला बदली मागितली. मी म्हटलं, हा उन्हाळा जाऊ द्या. पुढच्या वर्षी पुन्हा मागितली. मी म्हटलं, हा उन्हाळा जाऊ द्या. तिसऱ्या वर्षी बदली नाही मागितली, फक्त दोन महिने मागितले. म्हणाले, "मॅडम, मले सोडा, नाही तं हे सारं लिहून काढू द्या."

मी सोडलंही नाही आणि लिहूही दिलं नाही.

मागच्या महिन्यात ते दवाखान्यात होते. बाळापूरकडच्या एका गावाच्या पाण्याच्या खोलीच्या आकड्यातून आमच्या प्रोग्रॅममध्ये चार फूट वजा होत होते. कारण कुठेच लिहिलेलं नव्हतं. मला वाटलं चूक आहे, मी ते काढून टाकलं. तिथलं पाणी चार फूट जास्त खोल दिसलं, ते गाव टँकरच्या यादीत वर चढलं आणि खरी गरज असलेलं दुसरं गाव बाहेर पडलं. तिथल्या सरपंचबाईंचा फोन आला. मग मी कुणाला फोन केला असेल? छातीला वायरी लावलेल्या माणसाला.

ते रागावले नाहीत. म्हणाले, बाळापूरकडच्या त्या गावचे लोक विहीर कठड्यावरून मोजतात, जमिनीपासून नाही. कठडा चार फुटांचा आहे. मग म्हणाले, "असं अजून लय आहे. लिहू द्या ना."

मी म्हटलं, बरे होऊन या, मग बघू. आमचं शेवटचं बोलणं ते.

आकड्यांची ही जोडणी कुठे तुटली की दादांच्या फोनवर सूचना वाजते. ते गेल्यावरही वाजतच होती. काल वहिनींनी तो फोन माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "हा घरचा कधी नव्हताच. तुमीच ठेवा."

तो आत्ता माझ्या पर्समध्ये आहे. वाजला की मी बघते आणि काय करायचं ते मला कळत नाही. जिथे मी त्यांना अडकवलं तिथे आता मी आहे. विचारायला कुणी नाही. वहिनी, मी माफी मागत नाही. ती द्यायला तुम्हाला भाग पाडणं बरोबर नाही.

आता आपण सगळे दोन मिनिटं शांत उभे राहू. अशा वेळी फोन बंद करायची पद्धत आहे, पण दादांचा फोन मी चालू ठेवला आहे. मध्येच वाजेल. वाजू द्या. कुणी धावू नका. मीही उचलणार नाही. अशी दोन मिनिटं मी दादांना कधी मिळू दिली नाहीत.

मिलिंददादा, अखेरचा जय भीम.