तिन्हीसांजेचं विरजण

निपाणीच्या मोबाईल दुकानात आक्काताईंच्या मागं विज्ञानाचे निवृत्त मास्तर उपेंद्रराव नंबर लावून उभे होते, त्यांच्यामागं आणखी रांग. काउंटरपलीकडं रविराज.

"आक्का, फोन सगळा पुसायला लागतोय. न्हायतर चालायचा न्हाय."

"आणि त्यातली आईची गाणी रं? ती म्हणायला आई आता कुठली?"

"त्यांचा बॅकअप घेतलाय."

"म्हंजे?"

"तुमचं विरजण नासलं तर काय करता?"

"शेजारच्या सुनंदाकडनं आणायचं. तिनं माझ्याकडनंच नेलेलं असतंय."

"तसंच. गाणी शेजारी दिल्यात. फोन पुसला की मागून आणायची."

"आत्ता कळलं बघ."

"मग पुसू?"

"थांब. दिवं लागलं की रं भाईर."

"मग?"

"तिन्हीसांजेला विरजण कोण देतंय व्हय?"

"आक्का, शेजारी म्हंजे मशीन हाय ते."

"मशीन झालं म्हणून काय झालं? दिवेलागणीला घरातलं कोण भाईर देतंय? सकाळी बघू."

फोन पदरात गुंडाळून आक्का गेल्या.

"सर, द्या तुमचा, त्योबी पुसायचाच हाय. तुम्हास्नी काय समजवायला नको."

मास्तरांच्या फोनात नातीचे बारशापासूनचे फोटो होते. त्यांनी फोन पुढं केला, बाहेरच्या दिव्यांकडं पाहिलं आणि हात मागं घेतला.

"सकाळीच येतो रे."

मास्तर वळले, तर मागची अख्खी रांग त्यांच्याआधीच पायऱ्या उतरत होती.