भिंतीच्या सॉकेटचा अडॅप्टर

स्वस्ताईच्या दुकानात व्हर्नाच्या पुढे एक म्हातारं जोडपं कॅम्पिंगचं सामान घेऊन रांगेत उभं होतं. व्हर्नाचे कान अर्थातच तिकडे.

"हार्लन, घर विकून आपण या घरवजा गाडीतून देश बघायला निघालोय ना? मग हा अडॅप्टर कशाला?"

"असू दे, लोरेटा. स्वस्त आहे."

"कॅम्पवर अशा गाड्यांसाठी मोठं सॉकेट असतं. हा तर घरातल्या भिंतीला लागतो. कुणाची भिंत?"

"आपल्या डेलची. हिवाळाभर त्याच्या अंगणात..."

"वा! म्हणजे देश सुनेच्या गॅरेजपाशीच संपला!"

"तिनंच बोलावलंय गं."

"बोलावणारच. पोरं सांभाळायला फुकटची बाई, तीही चाकांवर!"

"मग ठेवू परत?"

"राहू दे. सर्वांत लांब वायरही घे. गाडी तिच्या दारात नाही, पार कोपऱ्यात लावायची. तोंड रस्त्याकडे करून!"